पहिली खोली

स्थलांतरावरची पुस्तकं बहुधा सीमेपासून सुरू होतात. पासपोर्ट, व्हिसा, समुद्रातल्या बोटी, काटेरी तारांची कुंपणं. आकडे मात्र वेगळंच सांगतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जन्मदेश सोडून परक्या देशात राहणारी माणसं जगभरात मिळून २८ कोटींच्या आसपास होती. भारताच्या २०११ च्या जनगणनेत आधीचं ठिकाण सोडून दुसरीकडे राहणारी माणसं एकट्या आपल्या देशात ४५ कोटींहून जास्त निघाली. यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा फार मोठा आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवताना जरा जपून बोलावं लागतं. पण एवढं खरं, की परक्या मुलखात माणूस कसा रुजतो हे बघायला न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. पिंपळे गुरवला गेलं तरी चालतं.

पुण्याला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवड शहरात, पवना नदी मुळेला मिळण्याच्या जरा अलीकडे तिच्या काठावर हे गाव आहे. नदीपलीकडे कासारवाडी आणि दापोडी, अलीकडे सांगवी आणि पिंपळे सौदागर. शेती आणि भैरवनाथाची यात्रा, एवढाच एकेकाळी गावाचा पसारा. भोवताली मात्र कारखाने उभे राहत गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्यामागोमाग टेल्को, बजाज, एसकेएफ अशी नावं कामगारांच्या तोंडी बसली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. १९८१ मध्ये शहराची लोकसंख्या अडीच लाख होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर. एवढी माणसं पाळण्यात जन्मली नाहीत, ती बाहेरून आली.

कुठून आली, यातही एक क्रम दिसतो. १८८५ मध्ये लंडनमध्ये ई. जी. रॅव्हेनस्टाईन नावाच्या नकाशाकारानं (हा स्वतः जर्मनीतून इंग्लंडला आलेला) ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते चाळून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात. कारखान्याजवळच्या गावांतले लोक आधी शहरात शिरतात, त्यांच्या रिकाम्या जागा लांबची माणसं भरतात, आणि प्रत्येक ओघाबरोबर एक उलटा ओघही वाहत असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये आधी मावळ, खेड, जुन्नरची माणसं कामाला लागली, मग सातारा, नगर, सोलापूरची. १९७२ चा दुष्काळ, सततची नापिकी आणि वाटण्या होत होत तुकडा तुकडा झालेली जमीन यांनी पुढं मराठवाड्यातून लोंढा आणला. आज पिंपळे गुरव, नवी सांगवी या भागात लातूर, धाराशिव, नांदेड, बीड या जिल्ह्यांतली इतकी माणसं आहेत, की मराठवाडा जनविकास संघासारखी संस्था इथंच उभी राहिली आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन इथंही साजरा होतो.

आता खरा प्रश्न. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एखाद्या गावातला आयटीआय झालेला पोरगा, समजा, पुण्याला निघाला. तो पिंपळे गुरवलाच का येतो? पगार चाकणला आहे, कंपन्या चाकण-भोसरीला आहेत. अर्थशास्त्राचं जुनं उत्तर असं, की माणूस दोन्हीकडच्या मिळकतीची तुलना करतो आणि जिकडे जास्त तिकडे जातो. हे उत्तर चूक नाही, पण त्यानं माणूस नेमका कोणत्या गल्लीत उतरणार हे कळत नाही. पोरगा पिंपळे गुरवला येतो, कारण त्याच्या गावातला कुणीतरी तिथल्या एका खोलीत आधीच आहे.

ही खोली म्हणजे दहा बाय दहाची, फार तर वन आरके. चार-सहा पोरं, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, दोरीवर कंपनीचे युनिफॉर्म. दिवसपाळी आणि रातपाळी वेगळी असली तर एकाच गादीवर दोघं झोपतात. भाडं आणि डिपॉझिट वाटून घ्यायचं, डबा मेसचा. नवा आलेला पहिला महिना काही देत नाही, पहिल्या पगारापासून त्याचा वाटा सुरू होतो. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडणारा क्वचित. कारण मोडला तर ते त्याच्या गावात चुलत्याच्या कानावर जातं.

आणि ही काही पिंपळे गुरवची नवलाई नाही. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावांचे ‘कूड’ होते, एकोणिसाव्या शतकापासूनचे. एकेका गावानं मुंबईत घेतलेली ही जागा. भिंतीला लागून ट्रंका, समोर देव्हारा, थोडक्या वर्गणीत झोपायची सोय. बोटीवर खलाशी किंवा स्वयंपाकी म्हणून जाणारा गोवेकर बोट मिळेपर्यंत इथं थांबायचा आणि बोट सोडली की इथंच परतायचा. म्हणजे जगभरच्या समुद्रांवरची नोकरी गावाच्या एका खोलीवर टेकलेली होती. गिरणगावातही कोकणातल्या गावांनी चाळींमध्ये गावकीच्या खोल्या घेतल्या. गिरणी कामगार तिथं पाळीनं झोपायचे आणि खानावळवालीकडं जेवायचे. पुढं १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. न्यू जर्सीत एमएस करायला गेलेली पोरं पहिलं वर्ष आठजणांत दोन बेडरूमचं घर घेऊन काढतात, विमानतळावर न्यायला सीनिअर येतो आणि पहिला आठवडा त्याच्याच सोफ्यावर जातो. विमानाचं तिकीट सोडलं तर औशाच्या पोराहून यात वेगळं काय आहे?

डग्लस मॅसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या गावांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हीच गोष्ट सिद्धांतात बसवली. पहिला जाणारा सगळा धोका एकटा पत्करतो. दुसऱ्याला पहिल्याची खोली मिळते, तिसऱ्याला दोघांची ओळख. प्रत्येक जाणाऱ्यामागं पुढच्याचं जाणं स्वस्त होतं. एका टप्प्यानंतर स्थलांतर ज्या कारणानं सुरू झालं ते कारण संपलं तरी स्थलांतर थांबत नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही लातूरची ट्रॅव्हल्स भरूनच येते, याचं स्पष्टीकरण दुष्काळात सापडत नाही, ते या साखळीत सापडतं.

खोलीचं इतकं कौतुक केल्यावर तिची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण इथं आपल्याकडचे लेखक फार हळवे होतात. ‘आपली माणसं’ म्हटलं की त्यांचा गळा दाटतो. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं एक छोटा निबंध लिहिला. नोकरी शोधताना जिवाभावाच्या माणसांपेक्षा तोंडओळखीची माणसं जास्त उपयोगी पडतात, असं त्याचं म्हणणं होतं. जिवाभावाच्या माणसाला जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतंच, नवी बातमी बाहेरच्या वर्तुळातून येते. खोलीतली सहाही पोरं एकाच ठेकेदाराकडं असतील, तर सहाही जण एकाच दिवशी रिकामे होतात. आणि ठेकेदाराची पद्धत ठरलेली आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे २४० दिवस काम झालं की कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून सात महिन्यांनी ब्रेक. मग दुसरी कंपनी, दुसरा गेटपास, पुन्हा टेम्पररी. वडील टेल्कोत किंवा बजाजमध्ये पर्मनंट झाले, सोसायटीचं कर्ज काढलं, गुंठा घेतला. पोरगा त्यांच्याहून जास्त शिकलेला, पण पस्तिशीतही हंगामी. परक्या गावात रुजायला स्वभाव लागतो तसा पगाराचा भरवसाही लागतो. ‘स्थलांतरित मिसळत नाहीत’ ही तक्रार करणाऱ्यानं आधी त्यांची नोकरी किती महिन्यांची आहे ते विचारावं.

पर्मनंटवाल्यांच्या गुंठ्याची गोष्ट मात्र तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण पिंपळे गुरवचा आजचा चेहरा तिनंच घडवला. कामगारांना घरं मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. प्राधिकरणाचे भूखंड आखीव होते, पण कामगार ज्या वेगानं येत होते त्या वेगानं नव्हते. तेव्हा शेतकऱ्यानं आपलं रान गुंठ्यागुंठ्यानं विकलं. एकराचे ४० गुंठे, एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळं एवढ्याशा तुकड्याचं रीतसर खरेदीखत होणं अवघड, म्हणून नोटरी, साठेखत, कुलमुखत्यारपत्र. सातबाऱ्यावर मूळ मालकाचं नाव तसंच. त्या अर्ध्या-पाऊण गुंठ्यात आधी पत्र्याची खोली, मग स्लॅब, मग वर एक मजला आणि त्यावर आणखी एक. खाली दुकान, मधे स्वतः, वर भाडेकरू. रस्ते उरले ते एवढे अरुंद, की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून चहाचा कप देता यावा. २००१ मध्ये राज्यानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. पुढं अशा बांधकामांवर शास्तीकर लागला, त्यावरून निवडणुका गाजल्या आणि २०२३ मध्ये तो माफ झाला.

नगररचनाकार या वस्तीला बेकायदा म्हणतात. समाजशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर इथं एक मोठं काम झालं. बाहेरून आलेला माणूस एका पिढीच्या आत घरमालक झाला. लंडन-पॅरिसमध्ये आलेल्या कामगारांना नगरपालिकेच्या चाळवजा इमारतींत दोन-दोन पिढ्या भाडेकरू म्हणून काढाव्या लागल्या. इथं अर्ध्या गुंठ्यानं तो फरक पाडला. कायदा पाळला असता तर शहर सुबक झालं असतं आणि हा कामगार त्या शहराबाहेर राहिला असता, असं माझं मत आहे. अग्निशामक गाडी गल्लीत शिरत नाही तेव्हा हे मत मला स्वतःलाच महाग वाटतं, तरी ते बदललेलं नाही.

आणि ज्यांनी गुंठे विकले ते? स्थलांतराच्या पुस्तकांत मूळच्या लोकांवर प्रकरण फारसं नसतं. आलेला बदलतो आणि असलेला जागच्या जागी राहतो, असं गृहीत धरलेलं असतं. पिंपळे गुरवमध्ये गावकऱ्याची जागा तीच राहिली, पण त्याचा धंदा, त्याचा शेजार आणि त्याची पत सगळं बदललं. रान गेलं, भाडं आलं. पुणेकरांनी त्याला ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवलं, त्याच्या गळ्यातल्या साखळीवर विनोद केले. पण आपल्याच गावात अल्पसंख्य होणं सोपं नसतं. म्हणून मग यात्रेचा मान, उत्सवाची समिती, नगरसेवकाचं तिकीट ही ठाणी त्यानं घट्ट धरून ठेवली.

याला जगात एक नामांकित जोड आहे. नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका उपनगराचा अभ्यास छापला. त्यांनी त्या जागेला ‘विन्स्टन पार्वा’ असं टोपणनाव दिलं होतं. तिथं कामगारांच्या दोन वस्त्या होत्या. रंग एक, धर्म एक, भाषा एक, कामधंदा एक, पगारही सारखाच. तरी जुन्या वस्तीतले नव्यांना खालचे समजत, त्यांच्यात मिसळत नसत. फरक एवढाच, की एक वस्ती आधी आली होती आणि दुसरी नंतर. जुन्यांची एकमेकांशी घसट होती, क्लब आणि समित्या त्यांच्या हातात होत्या, आणि नव्यांतल्या एकाची वाईट वागणूक अख्ख्या वस्तीची म्हणून गावभर सांगितली जाई. भेदभावाला रंग-धर्माचं निमित्त लागतंच असं नाही, आधी येऊन बसलेलं असणं पुरतं. पिंपळे गुरवमध्ये गावकरी मराठी, आलेले मराठी, बहुतेकांचे देवही तेच. तरी ‘बाहेरचे’ आणि ‘गाववाले’ हा भेद प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो.

बायकांची वाट निराळी आहे. मेक्सिकोतून कॅलिफोर्नियाला आलेल्या कुटुंबांवर पिएरेट होंडान्यू-सोतेलो यांनी १९९४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं, की पुरुष परत जायच्या गोष्टी करतात आणि बायका तिथंच मूळ धरायच्या मागं असतात. पुरुषाची गावातली पत परदेशात घटलेली असते, बाईची वाढलेली. पिंपळे गुरवच्या एखाद्या गल्लीत दुपारी बसलं तर हे लगेच कळतं. नवरा म्हणतो, रिटायर झालो की गावाकडं जाऊन शेती करीन. बायको काही बोलत नाही. नळाला घरात पाणी आहे, पोरीची शाळा हाकेच्या अंतरावर आहे, डोक्यावर पदर घ्यायला समोर सासरा नाही. मेसचे आठ डबे ती करते आणि त्याचे पैसे तिच्या भिशीत जातात. पुरुषाची सोबत खोलीतली किंवा कंपनीतली, म्हणजे एकाच जिल्ह्याची. भिशीत मात्र लातूरची, साताऱ्याची, जळगावची आणि खुद्द गावातली अशा सगळ्याजणी असतात. ग्रॅनोव्हेटरची तोंडओळखीची माणसं घरात आणली ती बायकांनी.

दुसऱ्या पिढीत काय होतं? बोली आधी जाते. आई ‘काय करायलास?’ विचारते आणि पोरगी ‘काय करतेयस?’ असं बोलते, कारण शाळेत पहिल्या आठवड्यातच तिची नक्कल झालेली असते. जेवण टिकतं. सण काही टिकतात, काही सुटतात. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची माणसं रजा टाकून शेतात आंबील आणि भज्जी खायला गावी जातात, दिवाळीला नाही गेली तरी चालतं. ‘पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका’ हा डब्ल्यू. आय. थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांचा १९१८ ते १९२० मध्ये निघालेला पाच खंडांचा ग्रंथ स्थलांतरितांच्या पत्रांवर उभा आहे. त्यांचा एक निष्कर्ष इथं चपखल बसतो. शिकागोतला पोलिश माणूस एकटा सुटा अमेरिकन होत नव्हता. पोलंडमध्ये नव्हता आणि अमेरिकेतही आधी नव्हता असा एक पोलिश-अमेरिकन समाज तयार होत होता आणि माणूस आधी त्याचा सभासद होत होता. पिंपळे गुरवचा मराठवाडाही तसाच आहे. गावी निलंगेकर आणि भूमकर एकमेकांना परके असतात, इथं दोघंही ‘मराठवाड्याचे’ होतात.

लग्न हे शेवटचं दार. बाहेरच्याला काम देतात, खोली देतात, मतही देतात, पण सोयरीक करताना हात आखडतो. याचं सर्वात बोलकं मराठी उदाहरण इस्रायलमधलं आहे. कोकणातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’, १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. देश तुमचाच म्हणून त्यांना बोलावलेलं, नागरिकत्व पहिल्या दिवसापासून. पण १९६० च्या सुमारास तिथल्या धर्मपीठानं त्यांच्याशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करायची अट घातली. त्यांनी निदर्शनं केली, ठिय्या दिला. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं बरोबरीचे ज्यू आहेत असा ठराव केला, तेव्हा ती अट मागं घ्यावी लागली. पिंपळे गुरवमध्ये धर्मपीठ नाही. पण इथंही आपल्या जिल्ह्याचा, आपल्या जातीचा वधू-वर मेळावा भरतो. गावाकडच्या स्थळांची अट ठरलेली, मुलाचा पुण्यात स्वतःचा फ्लॅट हवा. स्थलांतरानं जात मोडेल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी हे मेळावे पाहावेत. नोकरीच्या जागी ती सैल झाली, लग्नात नाही.

गेल्या काही वर्षांत वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदलले आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड, नेपाळ. त्यांचीही खोली तशीच, गाद्या तशाच, पहिला महिना तसाच फुकट. फक्त खालच्या मजल्यावर घरमालक आता लातूरचा आहे, आणि ‘हे बाहेरचे लोक फार झालेत’ हे वाक्य तो अगदी सहज बोलतो. एलियासनं सांगितलेली रांग एका जागेनं पुढं सरकली. २०२० च्या टाळेबंदीत याच खोल्यांतली पोरं सगळ्यात आधी रस्त्यावर आली, कारण त्यांच्याजवळ या शहरात राहत असल्याचा एकही कागद नव्हता. रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडचं, इथला पत्ता कुठंच नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेनं धान्यापुरती वाट काढली आहे. शाळा, बँक, गॅस, मतदारयादी यांच्यासाठी मात्र अजूनही पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाडेकरूकडं तो यायचा तर भाडेकरारातून.

तो करार बहुतेक घरमालक देत नाहीत. कागद झाला की भाडेकरू हक्क सांगेल ही भीती. वास्तविक ११ महिन्यांच्या नोंदणीकृत करारानं मालकाचंच संरक्षण होतं. तेव्हा पिंपळे गुरव, सांगवी, भोसरी किंवा चाकणला तुमची एखादी खोली भाड्यानं दिलेली असेल, तर हे प्रकरण वाचून झाल्यावर तिच्यात राहणाऱ्यांच्या नावानं करार करून घ्या, नोंदवा आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या. नोंदणीचा खर्च अर्धा तुम्ही उचला.